पोटॅशियमखाली लाल रेघ नव्हती

बाबांच्या नागपूरच्या बदलीचा आदेश आला, त्या आठवड्यापासून आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घरातील भांडी वर्तमानपत्रांत गुंडाळली जाऊ लागली. आधी क्वचित लागणारी गेली, म्हणजे पुरणयंत्र, पितळी परात, पाहुण्यांसाठीचे कप. मग हळूहळू रोजच्या ताटवाट्यांची पाळी आली. आई जेवणाच्या टेबलावर वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असे आणि तिच्या पाठीमागे, फरशीवर मांडी घालून, बाबा खोकी बांधत. चिकटपट्टी ओढल्याचा करकरीत आवाज, उत्तरपत्रिकेचे पान उलटल्याचा आवाज, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, आणि या सगळ्यांवरून विमानतळाकडे उतरणारे विमान. विमान आले की आम्ही तिघेही वाक्य अर्ध्यावर थांबवत असू आणि ते गेले की नेमके तिथूनच पुढे बोलू लागत असू. पुढे कित्येक महिने फोनवर बोलतानाही मी अशी मध्येच गप्प होत असे, आणि पलीकडून आई विचारायची, "विमान का गं?"

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, त्यामुळे माझे सारे शिक्षण दिल्लीत झाले. घरात मराठी, जिन्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी वाटणी होती, आणि तिच्यात माझ्या मराठीला अधूनमधून भोके पडली होती. एकदा खोकी बांधताना बाबा म्हणाले, "सुजू, तो सुंभ दे इकडं." मी विचारले, "सुंभ मतलब?" बाबांनी हात थांबवून आईकडे पाहिले. "पाहा, पोरीला सुंभ माहीत नाही." आई लाल पेन न थांबवता म्हणाली, "तुम्हाला तरी माऊस कुठं माहीत होता? हातात घेऊन उलटा करून पाहत होता."

स्वयंपाकात मात्र अकोला जसेच्या तसे उतरले होते. रविवारी पातोडीचा रस्सा, एरवी वरणभात, जवसाची चटणी आणि गावाहून येणाऱ्या ज्वारीची भाकरी. ती ज्वारी दळायला नेली की गिरणीवाला दरवेळी विचारायचा, "आंटी, ये जानवरों के लिए है ना?" आई शांतपणे सांगायची, "हाँ भैया, तीन जानवर हैं घर में." त्या दिवसांत तव्यावरची भाकरी पाहूनही मला कसेसे व्हायचे, कारण पीठ संपले तरी आता नवी ज्वारी मागवायची नाही, असे घरात ठरले होते.

मी जावे की राहावे, हे तेवढे ठरलेले नव्हते. मी नुकताच संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि गुडगावच्या एका लहानशा कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागले होते. महिनाअखेर आमच्यापैकी काहींना कायम करणार होते. बाबांनी अट स्वच्छ शब्दांत मांडली होती. "पक्की नोकरी लागली तर राहा इथं. नाही लागली तर आमच्यासोबत चल. नागपुरातही कंपन्या आहेत. अर्धवट गोष्टीच्या भरवशावर मी तुला सोडून जाणार नाही." त्यात अन्याय काही नव्हता आणि म्हणूनच वाद घालायला जागाही नव्हती. माझी कॉलेजची मैत्रीण रुचिका मुनिरक्यात एका खोलीत राहत होती, तिची जोडीदारीण नुकतीच लग्न होऊन गेली होती, आणि रिकामी झालेली जागा तिने माझ्यासाठी धरून ठेवली होती. मला दिल्लीत राहायचे होते. का, हे त्या वयात सांगता आले नसते. आज सांगायचे तर, जिथे मी आईबाबांची मुलगी सोडून आणखी काही असू शकत होते, असे ते एकच शहर मला माहीत होते.

आम्हाला दिलेले काम एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे होते. रुग्णांच्या रक्ततपासणीचे अहवाल छापणारा प्रोग्राम जावा भाषेत लिहिलेला होता आणि तो वापरात येण्याच्या बेतात होता. हा विषय आता मी गेली अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवते, आणि ज्यांचा संगणकाशी संबंध नाही त्यांना तो समजावताना मला अजूनही आईच्या टेबलावरचीच उदाहरणे सुचतात. प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात प्रश्न असतात, उत्तरे नसतात. म्हणून नुसत्या प्रश्नपत्रिकेला कोणी गुण देत नाही. आमच्या प्रोग्राममध्ये ‘तपासणी’ नावाची अशी एक प्रश्नपत्रिका होती. तिला अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास म्हणतात. साखर, युरिया, हिमोग्लोबिन हे तिच्याखालचे क्लास, म्हणजे परीक्षेला बसलेली मुले. रुग्णाचे नाव, वय, तारीख असे जे वर तयार असते ते खालच्यांना आयते मिळते. याला इनहेरिटन्स म्हणतात. पण जे वर नुसता प्रश्न म्हणून सोडलेले असते, त्याचे उत्तर खाली प्रत्येकाने स्वतः लिहावेच लागते. एखाद्याने लिहिले नाही, तर त्याच्या नावाखाली लाल रेघ येते आणि ती जाईपर्यंत प्रोग्राम चालायला तयार होत नाही.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी ऐन वेळी एक मागणी केली होती: आकडा धोक्याचा असेल तर तो अहवालात ठळक छापला जावा. आमचे वरिष्ठ प्रसादसर, जे मूळचे पुण्याचे, त्यांनी त्याप्रमाणे मूळ ‘तपासणी’त एक नवा प्रश्न घातला: हा आकडा धोक्याचा आहे का? प्रश्न घालताच खालच्या क्लासखाली लाल रेघांची रांग लागली. सरांनी त्या लाल नावांची यादी करून डॉक्टरीणबाईंकडून एकेकाची मर्यादा मागवून घेतली, आणि तो कागद माझ्या हाती देऊन म्हणाले, "सुजाता, हे सगळं उद्याच्या डेमोआधी साफ व्हायला हवं. दुपारी मॅडम स्वतः येतायत."

शेजारच्या खुर्चीवरून रुचिकाने डोकावून पाहिले. तीही माझ्यासारखीच प्रशिक्षणार्थी होती आणि कामाचा उरक माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. "अरे यार, इतना क्या सोच रही है? सबमें return false डाल दे. लाल गायब, चाय पीने चलते हैं."

"false भी जवाब है," मी म्हणाले. "मतलब, खतरा नहीं है."

"तो? बाद में ठीक कर लेंगे."

"लाल हट गया तो बाद में याद कौन दिलाएगा?"

तिने कपाळाला हात लावला. "टीचर की बेटी!"

ती जे सुचवत होती ते आमच्या धंद्यात सर्रास चालते. रिकामे उत्तर भरले की यंत्राचे समाधान होते. त्याला उत्तर हवे असते, खरे की खोटे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. मी कागद समोर ठेवून एकेक मर्यादा भरत गेले. साखर, युरिया, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. संध्याकाळपर्यंत पडदा स्वच्छ झाला. प्रसादसर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "छान. असंच नीट काम करत राहा. महिनाअखेर बघू तुझं." घरी जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात मुनिरक्याच्या खोलीत माझी पुस्तके लावत होते.

त्या दिवशी जेवायला आई नेहमीपेक्षा उशिरा बसली, कारण सातवीच्या मुलांनी अपूर्णांकाच्या एका गणितात तिला छळले होते. "अख्ख्या वर्गानं छेद सोडून दिलाय," ती म्हणाली. "एकाही लेकराला सुधरलं नाही, की तो कुठं गेला." मग माझ्याकडे वळून, "तुझं झालं का आज?"

मी सांगितले. लाल रेघा, मर्यादांचा कागद, सगळे भरले ते. आईला संगणकाचे फारसे कळत नसे, पण कोणाचे किती चुकले हे ऐकण्यात तिला उपजत रस होता.

"सगळ्यांच्याच खाली लाल रेघ होती?"

"सगळ्यांच्या. एक पोटॅशियम सोडून."

आईने घास हातातच ठेवला. "ते कसं काय सुटलं?"

"माहीत नाही. त्याचं बरोबर असेल."

"नवा प्रश्न आत्ताच घातला ना? मग उत्तर त्यानं आधीच कसं लिहून ठेवलं?" ती पुढे म्हणाली, "वर्गात सगळ्यांचं चुकलं आणि एकाचं बरोबर आलं, तर मी त्याची वही आधी मागवते. एक तर ते पोरगं हुशार असतं, नाही तर कोणाचं तरी पाहून लिहिलेलं असतं."

"आणि हुशार असलं तर?" बाबांनी विचारले.

"हुशार पोरं मला जूनमध्येच कळतात."

"मास्तरणी साऱ्या संशयी," बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले आणि चटणीची वाटी पुढे सरकवली. तेवढ्यात विमान आले आणि तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोटॅशियमची ‘वही’ उघडली. पहिल्याच ओळीत सगळे लिहिलेले होते. पोटॅशियम थेट ‘तपासणी’च्या खाली नव्हतेच, ते साखरेच्या खाली लावलेले होते. कोणीतरी पूर्वी केव्हा तरी, साखरेचा अहवाल छापण्याचा भाग तयार आहे तर तोच वापरू, म्हणून पोटॅशियमला साखरेचे अपत्य करून टाकले होते. प्रश्न वरून आला तेव्हा त्याचे उत्तर द्यायची जबाबदारी साखरेवर पडली. पोटॅशियमला कोणी काही विचारलेच नाही, म्हणून त्याच्याखाली रेघही आली नाही, आणि रेघ नाही म्हणून डॉक्टरीणबाईंना पाठवलेल्या यादीत त्याचे नावही गेले नाही. काल मी साखरेचे उत्तर भरले, त्याच क्षणी ते पोटॅशियमलाही आयते मिळाले होते. साखरेचा आकडा शेकड्यांत जातो आणि कागदावर तिला फक्त वरची मर्यादा होती. पोटॅशियमचा एका हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढा असतो, आणि तो दोनचारने वाढला तरी हृदय बंद पडू शकते. आमच्या प्रोग्रामच्या लेखी मात्र पोटॅशियमला धोका कधीच होणार नव्हता.

विद्यार्थ्यांना मी आज हेच प्रकरण नावे बदलून शिकवते आणि एकच प्रश्न विचारायला लावते: पोटॅशियम ही एक प्रकारची साखर आहे का? नसेल, तर ती जागा त्याची नाही, मग तिथे कितीही सोयीचे सामान तयार असो. वर्गात मुले हसतात. त्या सकाळी मला हसू आले नाही, कारण फाइलच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचे नाव होते आणि ते प्रसादसरांचे होते.

मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि दाखवले. त्यांनी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे मीच केलंय," ते म्हणाले. "तेव्हा नुसतं छापायचं होतं गं. छापत होतं व्यवस्थित."

"छापायला चालत होतं, सर. आता त्याला धोका विचारलाय."

"मग वेगळं करून टाक."

"वेगळं केलं तर त्याची स्वतःची मर्यादा हवी. ती मॅडमच्या कागदात नाही."

रुचिका मागून म्हणाली, "सर, नेट पे मिल जाएगी ना."

"त्यांच्या मशीनची मर्यादा आणि नेटवरची एकच असेल कशावरून?" मी म्हणाले. "सहीही त्यांचीच असते अहवालावर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं. आत्ता हात लावू नकोस. डेमोमध्ये पोटॅशियम उघडायचंच नाही. नंतर बघू."

"त्यांनीच उघडलं तर?"

त्यांनी टेबलावरचे कॅलेंडर पुढे ओढले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझं कन्फर्मेशन याच महिन्यात आहे ना?"

ती धमकी होती, आठवण होती, की नुसती काळजी, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. माणूस चांगला होता. मी एवढेच म्हणाले, "सर, मी पोटॅशियमलाच अ‍ॅबस्ट्रॅक्ट करते. मर्यादा येईपर्यंत त्याचा अहवाल कोणालाच काढता येणार नाही. यादीतून नाव जाईल. विचारलं तर मी काढलं म्हणून सांगा."

"डेमो पडेल सुजाता."

"हो."

खिडकीखालून ट्रकचे हॉर्न येत होते. सरांनी चष्मा पुन्हा घातला. "काढ," ते म्हणाले.

त्याला साखरेखालून काढून ‘तपासणी’खाली लावले, तसे त्याच्या नावाखाली पहिल्यांदाच लाल रेघा आल्या. अ‍ॅबस्ट्रॅक्ट असा शब्द पुढे घातल्यावर त्या गेल्या आणि एक नवी आली, तपासण्यांच्या यादीत, जिथे पोटॅशियमचा अहवाल तयार होत होता त्या ओळीखाली. अपूर्ण गोष्टीचा नमुना बनवता येत नाही, असे यंत्र सांगत होते. मी ती ओळ काढली. काम चिमूटभर होते. मला मात्र ते उरकेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली.

डॉक्टरीणबाई नोएडाहून आल्या, उन्हाने त्रासलेल्या आणि घाईत. त्यांच्याकडे मूत्रपिंडाचे रुग्ण जास्त, त्यामुळे पाण्याचा ग्लास खाली ठेवताच त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती पोटॅशियम. यादीवरून त्यांचे बोट वरखाली फिरले. "पोटैशियम कहाँ है?"

मी तोंड उघडले, पण प्रसादसर आधी बोलले. "मैडम, मैंने हटवाया है. वो शुगर की लिमिट पर चल रहा था. गलती मेरी थी. आपकी लिमिट मिलेगी, तब चालू करेंगे."

"पिछली बार तो चल रहा था."

"छप रहा था, मैडम. चल नहीं रहा था."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. रागावल्या नाहीत. पर्स उचलत म्हणाल्या, "ठीक है. तो जब चले, तब बुलाइएगा. बाकी तब तक पुराना ही रहने दीजिए." आणि गेल्या. काम पुढे ढकलले गेले, त्याबरोबर त्याचे पैसे, आणि त्यांच्याबरोबर प्रशिक्षणार्थींना कायम करण्याचा निर्णयही. रुचिकाचाही. कॅन्टीनमध्ये ती माझ्याशी चहा संपेपर्यंत बोलली नाही. मग कप ठेवून म्हणाली, "मेरी नानी का पोटैशियम हर महीने होता है, पता है?" आणि उठून गेली.

घरी मी सगळे सांगितले तेव्हा खोल्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या आणि आवाज भिंतींवरून परत येत होता. आईने ऐकून घेतले आणि "बरं केलंस" एवढेच म्हणून ती पोळ्यांकडे वळली. बाबांनी मात्र वकिलासारखे प्रश्न विचारले. यादीत नाव राहू दिले असते तर कायम केल्याचे पत्र आले असते का? बहुधा आले असते. आता केव्हा येईल? माहीत नाही. येईल का? तेही माहीत नाही.

"म्हणजे पक्कं काही नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

ते उठून गॅलरीत गेले. अट त्यांची होती आणि ती मी पाळू शकले नव्हते. मी कपड्यांच्या कपाटातून माझे सामान काढून नागपूरच्या खोक्यात भरायला घेतले. पुस्तके तळाशी, स्वेटर वर. तिकडे स्वेटर लागणार नाहीत हे लक्षात आले तेव्हा मला रडू आले, आणि ते स्वेटरसाठी आहे अशी मी स्वतःची समजूत घातली.

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. माणसे धडाधड खोकी उतरवू लागली, बाबा फाटकापाशी उभे राहून एकेक नग पाहत होते, आई वर शेवटचा झाडू मारत होती. माझा लाकडी पलंग दोघांनी उचलून ट्रकच्या फळीवर टेकवला. बाबांनी हात वर केला.

"ये नहीं जाएगा. नीचे रखो."

"साहब, लिस्ट में लिखा है."

"लिखा है तो काट दो. और वो किताबों वाला डिब्बा भी."

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "टेम्पो सांगितलाय," ते म्हणाले. "पलंग खोलीत मावतो का, ते तुझ्या मैत्रिणीला विचारलंस?"

"पण बाबा, पत्र..."

"येईल तेव्हा येईल." मग नेहमीच्या हिशेबी आवाजात, "नाही आलं तर दुसरीकडं बघ. तुला काम येतं."

मुनिरक्याच्या त्या गल्लीत टेम्पो आत शिरला नाही आणि पलंग जिन्यात अडकला. शेवटी तो जिन्याच्या तोंडाशीच उलटा करून खोलावा लागला. टेम्पोवाल्याने फळ्या घेतल्या, मी गादी घेतली, आणि पलंगाचे दोन पाय काखेत धरून बाबा अंधाऱ्या जिन्यावरून चढू लागले, दर वळणावर थांबत, भिंतीला खांदा लावत. आवाज ऐकून वर रुचिका दार उघडून उभी होती. आदल्या दिवसापासून आमच्यात शब्द नव्हता. तिने माझ्या हातातून गादीचे एक टोक धरले. बाबांनी पाय कोपऱ्यात उभे केले, खिशातून रुमाल काढून मान पुसली, एवढ्याशा खोलीकडे, तिच्या एकुलत्या खिडकीकडे आणि मोरीतल्या नळाकडे पाहिले, आणि रुचिकाला विचारले, "बेटा, यहाँ पानी कितने बजे आता है?"